इन्सुलिन देता, तर दोन शब्दही द्या

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

स. न. वि. वि.

सरकारी दवाखान्यात आईची शुगर फुकट तपासतात, मेटफॉर्मिनच्या गोळ्याही मिळतात. त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती केसपेपर टेबलावर ठेवल्यानंतर जे होतं त्याची. ‘साखर वाढलीय. गोड बंद. महिन्याने या.’ की पुढचा नंबर.

इन्सुलिन सुरू झालं तेव्हा कागदावर फक्त ‘सकाळी २०, रात्री १०’ होतं. बाटली मिळाली ४० ची, म्हणजे एका मिलीलिटरमध्ये ४० युनिट. सिरिंज बाहेरून आणायची होती, तर मेडिकलवाल्याने दिली १०० ची, नारिंगी टोपणाची; तिच्या रेघा मिलीलिटरला १०० युनिटच्या हिशेबाने आखलेल्या. सकाळी वीसच्या रेघेपर्यंत भरलं की प्रत्यक्षात जायचं ८ युनिट. साखर उतरेना म्हणून डोस वाढवला आणि ‘मावशी पथ्य पाळत नाहीत’ हा शिक्काही बसला. त्या वाढीव डोसवर कुणी नुसती सिरिंज तेवढी बदलली असती, तर साखर एकदम उतरून काय झालं असतं? ४० च्या बाटलीला लाल टोपणाची सिरिंज लागते, हे सांगायला अर्धं मिनिट पुरे होतं.

उलगडा केला तो नव्याने आलेल्या डॉक्टरीणबाईंनी. ‘कसं भरता ते मला दाखवा,’ म्हणाल्या. सिरिंज पाहून त्यांनी आधी डोस खाली आणला. मग विचारलं, ‘मावशी, एकादशी करता? चतुर्थी? उपवासाला काय खाता?’ इतकी वर्षं ‘हो, पाळते पथ्य’ म्हणणारी आई पहिल्यांदा खरं बोलली: साबुदाणा, नाहीतर नुसता चहा. उपवासाला इन्सुलिनचं काय करायचं, साखर फार उतरून दरदरून घाम फुटला, हात थरथरले तर लगेच तीन चमचे साखर पाण्यातून घेऊन पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं, हे आम्हाला तेव्हा कळलं. पुढे त्यांची बदली झाली. आता असा डॉक्टर आम्ही शोधायचा कुठे? खासगीत विचारून पाहिलं, तिथली फी महिन्याला परवडणारी नाही.

साहेब, डॉक्टरांना मी दोष देत नाही. आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून जास्त मधुमेही आहेत, आणि त्यातली रांग रोज त्यांच्या दारात असते. एमबीबीएसला २०१९ पासून रुग्णाशी बोलायचं कसं हेही शिकवतात, पण एवढ्या गर्दीत ते वापरायचं कधी? असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात या आजारांच्या (एनसीडी) क्लिनिकला समुपदेशकाचं, म्हणजे पेशंटला समजावून सांगणाऱ्याचं, पद आहे. आमच्याकडे त्या खुर्चीवरची बाई दिवसभर संगणकात नोंदी भरते.

तेव्हा नोंदींचं काम दुसऱ्या कुणाकडे द्या. पहिल्यांदा इन्सुलिन लिहिलं की त्या पेशंटला समुपदेशकापुढे वीस मिनिटं बसवल्याशिवाय बाटली देऊ नये, आणि तिला जुळणारी सिरिंज त्याच खिडकीतून मिळावी, असा आदेश काढा. त्याची प्रत ओपीडीच्या दाराला लावायला सांगा, म्हणजे आम्हाला बोट दाखवून मागता येईल.

कळावे,
एका मधुमेही आईची मुलगी