घरबसल्या म्हणे, मग माझ्या दुकानात एवढी गर्दी कसली?

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

आपल्या पेपरात दोन-चार दिवसांआड एक बातमी असतेच, अमुक दाखला आता घरबसल्या, तमुक अर्ज आता घरबसल्या. मी जत तालुक्यात झेरॉक्स, लॅमिनेशन आणि ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं छोटं दुकान चालवतो आणि अशी बातमी आली की दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दुकानापुढं चपलांचा ढीग लागतो. आमच्याकडं घरबसल्याचा अर्थ हा असा आहे. फॉर्ममागं मी पन्नास रुपये घेतो, फोटो बारीक करून द्यायचे वीस वेगळे, म्हणजे वेबसाइट जेवढी किचकट तेवढा माझा गल्ला भरतो, हे आधीच सांगून टाकतो नाहीतर म्हणाल हा कोण शहाणा आला.

तरी लिहितोय कारण गेल्या आठवड्यात एक काका आले, एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झालेले, आयुष्यभर तिकिटांचा पैन् पैचा हिशोब ठेवलेला माणूस. फोनपे करतात, यूट्यूबवर कीर्तन लावतात, नातवाला व्हिडिओ कॉल करतात, म्हणजे मोबाइल येत नाही असं अजिबात नाही. एका पेन्शनच्या फॉर्मवर दोन संध्याकाळी बसले आणि जन्मतारखेला अडकले. मी म्हटलं दाखवा काय करत होता, तर कॅलेंडर उघडलं, त्यावर चालू महिना, आणि काका डावीकडचा बाण दाबत एकेक महिना मागं जात होते. जन्म 1954 चा. मी सहज हिशोब केला, सत्तर वर्षं गुणिले बारा, साडेआठशेच्या आसपास वेळा बाण दाबायचा. वरच्या वर्षाच्या आकड्यावर बोट ठेवलं की वर्षांची यादी उघडते हे खरंय, पण तो आकडा दाबायचा असतो असं तिथं कुठंच दिसत नाही, नुसता छापल्यासारखा दिसतो. बरं, आकडे हातानं टाइप करावेत तर तो रकाना लॉक. आणि काका मला काय म्हणाले, "मलाच जमंना रे बाबा, वय झालं आता." मला खरा राग याचा आला. फोनपे त्याच बोटांनी जमतं, तेव्हा वय आडवं येत नाही, पण फॉर्म वाईट केलाय कुणीतरी आणि लाज वाटतीय काकांना.

ब्रिटनच्या सरकारी वेबसाइटवर, गव्ह डॉट यूके म्हणून आहे, जन्मतारखेला तीन साधे चौकोन असतात, दिवस, महिना, वर्ष, आकडे टाइप करा आणि पुढं जा, कॅलेंडर नाहीच, कारण स्वतःची जन्मतारीख कुणी कॅलेंडरमध्ये शोधत नाही, ती पाठच असते. 2012 साली त्यांनी ही साइट सुरू केली आणि पुढच्या वर्षी तिला लंडनच्या डिझाइन म्युझियमचा वर्षातल्या सर्वोत्तम डिझाइनचा पुरस्कार मिळाला. उघडून बघा एकदा, पांढरं पान, काळी अक्षरं, हिरवं बटण, सजावट जवळपास शून्य. आपल्याकडं हे दाखवलं तर म्हणतील अर्धवट राहिलंय का काम.

मी दिवसभर जे बघतो त्यातलं थोडं सांगतो. पत्त्यात "घर नं. 12/3" लिहिलं की लाल अक्षरात "इनव्हॅलिड इनपुट" येतं, पण कुठला रकाना, काय चुकलं, काही नाही. मला इतक्या वर्षांनी माहीत झालंय की त्या साइटला तिरकी रेघ चालत नाही, पण आमच्याकडं घर नंबर आणि गट नंबर तिरक्या रेघेशिवाय असतोय कुठं? पहिल्यांदा भरणारा माणूस आधी मोबाइल नंबर बदलून बघतो, मग पिनकोड, तेवढ्यात सेशन संपतं आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. फोटो म्हणे 20 ते 50 केबी. आजकालचा साधा मोबाइलपण तीन-चार एमबीचा फोटो काढतो, तो बारीक करायचं काम वेबसाइट स्वतः करू शकते, ब्राउझरमध्येच होतं, अवघड अजिबात नाही. पण ते काम माणसावर टाकलंय, माणूस ते माझ्यावर टाकतो आणि माझे वीस रुपये होतात. एका साइटवर तर अजून खाली लिहिलंय की ही साइट इंटरनेट एक्स्प्लोररमध्ये उत्तम दिसते. ते एक्स्प्लोरर मायक्रोसॉफ्टनं 15 जून 2022 ला बंद केलं की हो!

मराठीचं तर वेगळंच रडगाणं आहे. इंग्रजीत नाव टाकलं की शेजारच्या रकान्यात ते आपोआप मराठीत उमटतं, आणि मानेंचं "मने" होतं, पाटलांचं "पटिल". लोक बघत नाहीत, सबमिट करतात, दाखल्यावर मने छापून येतं आणि मग दुरुस्तीचा अर्ज, तोही अर्थात माझ्याकडंच. अजून एक गंमत, गंमत कसली डोकेदुखीच ती. "शेतकऱ्यांसाठी" हा शब्द घ्या. यातला जो अर्धा र आहे ना, बाकदार डोक्याचा, तो कम्प्युटरवर दोन वेगळ्या प्रकारे टाइप करता येतो, डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात पण मशीनच्या लेखी ते दोन वेगळे शब्द. त्यामुळं योजना साइटवर असते, माणूस तोच शब्द अचूक टाइप करून शोधतो आणि उत्तर येतं "काहीही आढळले नाही". मी स्वतः कितीतरी जणांना ही योजना बंद झाली म्हणून परत पाठवलंय, नंतर कळलं की होती. साइट करणाऱ्यानं शोधायच्या आधी दोन्ही र एकसारखे करून घेतले असते तर भागलं असतं, पण त्यासाठी मराठीत शोधून बघणारा एक तरी माणूस त्या टीममध्ये पाहिजे.

आता म्हणाल बोलणं सोपं असतं. तर दोन वर्षांपूर्वी आमच्या वाचनालयाची छोटी वेबसाइट करायचं काम माझ्या गळ्यात पडलं, भाची पुण्यात आयटीत आहे तिला मदतीला घेतलं. कमिटीला पाहिजे होतं अध्यक्षांचा मोठा फोटो, वर सरकणारं सुस्वागतम आणि मागं बासरी. बासरीवरून तर मीटिंगमध्ये पाऊण तास गेला, शेवटी भाचीनं विचारलं की दुपारी शेजारी बाळ झोपलेलं असताना कुणी साइट उघडली तर? तेव्हा कुठं बासरी गेली. मग तिनं एक नियम घातला, की पाच सभासद बोलवायचे, त्यांच्याच मोबाइलवर साइट उघडून द्यायची, एक काम सांगायचं आणि आपण तोंड बंद ठेवायचं. पाचच का, तर जेकब नीलसन म्हणून या विषयातले मोठे जाणकार आहेत, त्यांचं 2000 सालापासूनचं सांगणं आहे की पाच जणांत बहुतेक मोठ्या चुका उघड्या पडतात.

तोंड बंद ठेवणं फार अवघड असतं साहेब. एक बाई, रिटायर्ड शिक्षिका, त्यांना सांगितलं वाचनालय रविवारी कधी उघडतं ते शोधा. वेळा होत्या मेनूत, आणि मेनू होता त्या तीन आडव्या रेघांच्या मागं. बाईंनी पान वर केलं, खाली केलं, अध्यक्षांच्या फोटोवर दोनदा टिचकी मारली, त्या रेघांना हातच लावला नाही. नंतर विचारलं तर म्हणाल्या, "ते होय, मला वाटलं नक्षी आहे." मी तर तीन दिवस खपून तो मेनू बनवला होता! त्या रात्री आम्ही रेघा काढून तिथं सरळ "वेळा", "पुस्तक शोधा", "वर्गणी" असे शब्द लिहिले. सगळ्यात वर एक ओळ टाकली, आज वाचनालय उघडं आहे की बंद, आणि त्याखाली फोन नंबर, बोट ठेवलं की लगेच लागणारा. लोकांना नव्वद टक्के एवढंच पाहिजे असतं, म्हणजे मोजलं नाही मी, पण दुकानात बसून आलेला अंदाज आहे. अध्यक्षांचा फोटो "आमच्याविषयी" मध्ये गेला आणि ते आजतागायत माझ्याशी जरा तुटकच बोलतात.

नियम नाहीत असंही नाही. केंद्र सरकारची वेबसाइटसाठीची मार्गदर्शक तत्त्वं 2009 पासून आहेत, 2023 मध्ये त्यांची तिसरी आवृत्ती आली, दिव्यांगांना साइट वापरता आली पाहिजे हेसुद्धा त्यात आहे. 30 एप्रिल 2025 ला तर सुप्रीम कोर्टानं सांगितलं की डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. ते प्रकरण होतं ॲसिड हल्ल्यातल्या पीडितांचं आणि दृष्टिहीनांचं, केवायसी करताना कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावा म्हणतात, ज्यांना ते शक्यच नाही त्यांनी काय करायचं? आमच्या दुकानात येणाऱ्यांचं दुखणं त्यापुढं किरकोळ आहे, मान्य. पण मूळ तेच, साइट करणाऱ्यानं वापरणाऱ्याला कधी समोर बसवून बघितलेलंच नसतं. माझी ऑफर आहे, टेंडर घेणाऱ्या कुणाही कंपनीनं आपला एक इंजिनियर आठवडाभर माझ्या दुकानात स्टुलावर बसवावा, चहा माझ्याकडून.

जाता जाता एक, राग मानू नका. आपल्या पेपरच्या वेबसाइटवर बातमी उघडली की दुसऱ्या ओळीवर जाहिरात पसरते, ती बंद करायची फुली तिळाएवढी, आणि ती दाबायला गेलं की हमखास जाहिरातच उघडते. काल तर पावसाची बातमी वाचायला गेलो आणि फ्लॅटच्या बुकिंगच्या फॉर्मवर पोचलो. त्यातही जन्मतारखेला कॅलेंडर होतं.

आपला नियमित वाचक (कागदावरचा),
एक झेरॉक्सवाला
ता. जत, जि. सांगली