ओव्हन-चिमणीचा पाईप डक्टमध्ये नको, बाहेर काढू द्या

मा. अध्यक्ष साहेब,
सप्रेम नमस्कार.

आमच्या किचनचं काम पुढच्या महिन्यात सुरू होतंय, ओट्याखाली बिल्ट-इन ओव्हन, वर हॉब (ओट्यात बसवलेली गॅस शेगडी) आणि त्यावर चिमणी. ग्रिलवर चिकन ठेवलं की ओव्हनचं दार उघडताच तेलकट वाफ घरभर पसरते, म्हणून चिमणीचा पाईप नीट काढायचाय. त्यासाठी खिडकीशेजारच्या बाहेरच्या भिंतीत कोअर कटिंगची, म्हणजे मशीनने गोल भोक पाडायची, एनओसी हवीये.

कॉन्ट्रॅक्टर म्हणतो बाहेर कशाला, बाथरूमच्या डक्टमध्ये, म्हणजे पाईपलाईनच्या उभ्या पोकळ जागेत, सोडून देऊ, सगळे तेच करतात. मला हे अजिबात मान्य नाही आणि कमिटीनेही ते कुणालाच करू देऊ नये. त्या डक्टमध्ये सगळ्यांच्या बाथरूमच्या खिडक्या उघडतात, वारा तिथे खेळत नाही, एकाची फोडणी दुसऱ्याच्या बाथरूममध्ये. लीकेजच्या कामाच्या वेळी मी आत वाकून बघितलं होतं, जिथे चिमणीचा पाईप सोडलाय तिथे ड्रेनेजच्या लाईनवर पिवळा चिकट थर बसलाय, त्यात धूळ आणि कबुतरांची पिसं. उद्या वरून वेल्डिंगची ठिणगी पडली तर ते तेल पेटेल आणि डक्ट धुराड्यासारखा आग वर ओढेल, ही भीती मला खरंच वाटते.

आमचा पाईप 6 इंची आणि शेवटपर्यंत 6 इंचीच राहणार. बरेच जण एक्झॉस्टच्या जुन्या 4 इंची भोकात रिड्यूसर (पाईप अरुंद करणारा जोड) लावून घुसवतात, मग हवेला जागा निम्म्याहूनही कमी उरते, चिमणी नुसती आवाज करते आणि धूर घरातच. पाईप कमीत कमी लांबीचा, एकच बेंड, पीव्हीसी नाही कारण ते उष्णतेने मऊ पडतं, फ्लेक्सिबलही नाही कारण त्याच्या घड्यांत तेल साचतं. बाहेरच्या बाजूला किंचित उतार आणि तोंडाला फ्लॅपवालं कव्हर, म्हणजे पाऊस आणि कबुतरं आत येणार नाहीत. बारीक जाळी लावणार नाही, ती तेलाने लगेच चोंदते.

बीम-कॉलमला हात लावणार नाही, पाईप गॅसच्या लाईनपासून लांब, भिंतीतली फट सील करून देईन.

अजून एक, ज्यांच्याकडे गॅस गीझर आहे त्यांच्यासाठी नोटीस लावा प्लीज. चिमणी जेवढी हवा बाहेर फेकते तेवढी घरात कुठून तरी यावीच लागते, सगळ्या खिडक्या बंद असतील तर गीझरचा जळालेला गॅस उलटा घरात ओढला जाऊ शकतो. त्यातल्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वासही नसतो, कळतसुद्धा नाही. चिमणी चालू असताना किचनची खिडकी थोडी उघडी ठेवायलाच पाहिजे.

पुढच्या मीटिंगमध्ये प्रत्येक विंगला पाईप बाहेर काढायची एकच जागा ठरवून टाका, म्हणजे बाहेरून बिल्डिंगही वेडीवाकडी दिसणार नाही. आमच्या भिंतीवर मी खडूने खूण करून ठेवलीये, रविवारी सकाळी सोसायटीच्या इंजिनिअरना घेऊन या आणि बघून सांगा, तोवर काम सुरू करत नाही.

आपला,
बी विंग, चौथा मजला