कोयनेच्या इंजिनिअरांच्या वह्या रद्दीत जाऊ देऊ नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या महिन्यात माझे वडील गेले. तुमच्याच पेपरात निधनवार्ता आली होती, निवृत्त उपअभियंता, वय 85, मागे पत्नी, दोन मुली, जावई, नातवंडं असा परिवार. निधनवार्तेत तेवढंच मावतं. पण बाबांच्या नोकरीची बहुतेक सगळी वर्षं कोयनेत गेली आणि त्याबद्दल दोन शब्द जास्त छापून यावेत असं फार वाटतंय, म्हणून लिहितेय.

बाबा ओव्हरसिअर म्हणून लागले तेव्हा धरणाचं काम जोरात चालू होतं. रबल काँक्रीटचं, म्हणजे मोठे दगड घालून केलेल्या काँक्रीटचं धरण, उंची 103 मीटर. दिवसभर साईटवर, आणि संध्याकाळी कंदिलाशी बसून एमबी, म्हणजे झालेल्या कामाच्या मोजमापाची वही भरायची, ती चुकली तर साहेब ओरडणार आणि मजुरांचं बिल अडकणार, म्हणून आई जेवायला बोलवत राहायची आणि हे आकडे जुळल्याशिवाय उठायचे नाहीत. ही सवय रिटायर झाल्यावरही गेली नाही, घरच्या दुधाचा हिशोबसुद्धा लांबी रुंदी उंचीचे रकाने आखल्यासारखा नीट लिहायचे.

11 डिसेंबर 1967 ला पहाटे 4 वाजून 21 मिनिटांनी भूकंप झाला तेव्हा माझी मोठी बहीण काही महिन्यांची होती. क्वार्टरची भिंत आली खाली. बाबांनी आईला आणि तिला बाहेर काढलं, मोकळ्या जागेत शेजाऱ्यांबरोबर बसवलं आणि बॅटरी घेऊन ते धरणाकडे गेले ते दुपारपर्यंत आलेच नाहीत. आईला याचा राग खूप वर्षं होता, थंडीत तान्हं मूल घेऊन बसलेली बाई, आजूबाजूला लोक रडतायत, आणि नवरा गायब. बाबा म्हणायचे, धरण गेलं असतं तर खाली पाटण, कराड, सगळंच गेलं असतं, बघायला कुणीतरी जायला हवंच होतं. मला दोघांचंही पटतं आणि मी कधी कुणाची बाजू घेतली नाही.

त्या भूकंपात पावणेदोनशेच्या वर माणसं गेली. धरण उभं राहिलं, पण सांडव्याच्या दोन्ही बाजूंच्या उंच मोनोलिथना, म्हणजे धरण ज्यांचं बनलंय त्या काँक्रीटच्या उभ्या ठोकळ्यांना, मागचा उतार जिथे बदलतो त्या पातळीला, आडव्या भेगा पडल्या. पुढे वरून पोलादी केबल ताणून बसवल्या आणि मागून काँक्रीटचे बट्रेस, म्हणजे आधाराच्या भिंती चढवल्या, त्या कामावर बाबा होते. एक आकडा ते कायम सांगायचे, 0.05. हा भाग भूकंपाचा नाही असं तेव्हा धरत होते म्हणून डिझाइनमध्ये भूकंपाचा गुणांक, म्हणजे हादरा गुरुत्वाकर्षणाच्या किती पट धरायचा तो आकडा, एवढाच घेतलेला, आणि धरणाच्या गॅलरीतल्या, म्हणजे धरणाच्या पोटातल्या बोगद्यातल्या यंत्रावर नोंद झाली 0.63 ची. ती नोंद आजही जगभर धरणांचं गणित तपासायला वापरतात. माझी मुलगी सिव्हिलला आहे, तिच्या सॉफ्टवेअरमध्ये उदाहरण म्हणून कोयनाच निघालं, तिने रात्री आजोबांना फोन लावला आणि त्यांनी तिला तासभर ती गॅलरी समजावून सांगितली, कुठून उतरायचं, कुठे ओल असायची, कुठे वाकून जायला लागायचं सगळं.

1998 ला रिटायर झाले. पुढच्याच वर्षी, 13 मार्च 1999 ला, कोयना वीजप्रकल्पाच्या चौथ्या टप्प्याचं लेक टॅपिंग झालं, तलावाचं पाणी न उपसता खालून बोगदा नेऊन शेवटचा खडक पाण्याखालीच उडवायचा, आशियात पहिल्यांदाच. बाबा त्यात नव्हते, पण त्या दिवशी घरात त्यांच्याएवढं खूश कुणीच नव्हतं, खालच्या फळीतल्या पोरांनी केलं म्हणून गल्लीत पेढे वाटले.

मात्र कुणी त्यांच्यासमोर कोयनेचं फार कौतुक केलं की लगेच थांबवायचे. सोलापूर, ठाणे, रायगडपर्यंत पांगलेल्या धरणग्रस्तांचं पुनर्वसन इतक्या वर्षांनीही पूर्ण झालेलं नाही याची त्यांना खरोखर लाज वाटायची. जमीन त्यांनी दिली, आम्ही तर पगार घेत होतो, असं म्हणायचे.

आता मुद्द्याचं. बाबा गेल्यावर आम्ही त्यांची पेटी उघडली तर आत खिशात मावतील अशा वह्याच वह्या निघाल्या. कुठल्या मोनोलिथला किती काँक्रीट पडलं, पाऊस किती, कोण कामावर आलं नाही आणि का, सगळं पेन्सिलने. भूकंपाच्या दुसऱ्या दिवशीच्या पानावर नुसती मजुरांची नावं आहेत एकाखाली एक, काहींच्या पुढे बरोबरची खूण आणि काहींच्या पुढे काहीच नाही. ही नावं दुसरीकडे कुठे लिहिलेली असतील असं मला वाटत नाही.

या वह्या कुणाला द्यायच्या म्हणून मी एका सरकारी कार्यालयात विचारलं तर असं काही ठेवून घ्यायची आमच्याकडे सोय नाही, असं उत्तर मिळालं. बाबांच्या बरोबरचे आता मोजकेच उरलेत, सगळे ऐंशीच्या पुढचे, आणि घर बदललं की अशा वह्या आधी रद्दीत जातात. बाबांच्याच एका मित्राच्या घरी हे झालंय. फक्त कोयनाच नाही, भंडारदऱ्यापासून जायकवाडीपर्यंत सगळीकडच्या जुन्या कागदांचं हेच असणार.

जलसंपदा खात्याने एक खोली आणि एक स्कॅनर एवढं तरी द्यावं. आणि तुम्ही पेपरात आठवड्याला एक कोपरा ठेवा, ज्यात धरणांवर काम केलेले इंजिनिअर, मुकादम, मजूर आणि ज्यांची गावं पाण्याखाली गेली ती माणसं स्वतःचं सांगतील. लिहिता येत नसेल त्यांचं ऐकून लिहून घ्यायला मी आणि माझी बहीण सातारा, पाटण, कराड भागात कुठेही जायला तयार आहोत. 1967 च्या वहीची पानं स्कॅन करून ठेवली आहेत, तुम्ही कळवलंत की लगेच पाठवते.

आपली,
एक वाचक, कराड