रेगेन्सबुर्गचा पूल आणि आपल्या घराची भिंत

प्रिय ओंकार,

अनेक आशीर्वाद. परवा व्हिडिओ कॉलवर नीट बोलणंच झालं नाही, सारखी रेंज जात होती आणि तुझी आई मधेमधे फोन ओढून घेत होती, म्हणून सगळं लिहूनच पाठवतोय, जेवण झाल्यावर सावकाश वाच.

ताईने आम्हाला म्युनिकहून रेगेन्सबुर्ग या जर्मनीतल्या जुन्या शहरात नेलं. साधारण दीड तासाची ट्रेन. बायर्न तिकीट म्हणून एक प्रकार आहे, पाच जणांपर्यंत एकाच तिकिटावर दिवसभर इथल्या बव्हेरिया राज्यातल्या साध्या गाड्यांनी कुठेही फिरता येतं, फक्त आठवड्याच्या कामाच्या दिवशी सकाळी नऊनंतर चालतं, तुम्ही मित्र मित्र आलात तर हेच काढा. स्टेशनवरून जुनं शहर पायी गाठता येतं, आईचा गुडघा असूनही आरामात पोचलो.

तू सिव्हिलला आहेस म्हणून आधी पुलाचंच सांगतो. श्टाइनर्न ब्र्यूके, म्हणजे सरळ दगडी पूल. 1135 ला काम सुरू आणि 1146 ला पूर्ण. आपल्याकडे देवगिरी यादवांची राजधानी व्हायच्याही आधी हा उभा होता बघ. तीनशे मीटरच्या वर लांब, खाली डॅन्यूब, आणि ही नदी काही साधी नाही रे, चांगली ओढ आहे तिला. 1135 चा उन्हाळा फार कोरडा गेला, नदी खूप खाली गेली होती आणि म्हणूनच पाया घालता आला असं तिथे सांगतात. मी आयुष्यभर पाटबंधारे खात्यात काढलं, मला हे लगेच पटलं, नदी जी संधी देते ती त्या मोसमात घेतली नाही तर परत कधी मिळेल सांगता येत नाही.

आता नीट बघण्यासारखी गोष्ट. प्रत्येक पिअरच्या, म्हणजे पुलाच्या खांबाच्या, भोवती होडीच्या आकाराचं एक बेटच बांधलंय, टोक पाण्याच्या दिशेने. कारण तुला माहीत आहेच, पूल वरून मोडत नाही, पाणी बुडाखालची माती खरवडून नेतं आणि मग पिअर बसतो. त्या बेटांनी बुड राखलं, पण त्यांनी नदीची वाटही अरुंद केली, त्यामुळे कमानीतून पाणी असं काही जोरात सुटतं की खालच्या अंगाला मोठमोठे भोवरे होतात, मी कठड्याला टेकून बराच वेळ तेच बघत होतो. पूर्वी त्या ओढीवर पाणचक्क्या चालायच्या. आणि नावाड्यांची मात्र पंचाईत, मोठी बोट इथून जाणं अवघडच, आज मालवाहू बोटींसाठी नदीपलीकडच्या श्टाटआमहोफ या वस्तीच्या मागून वेगळा कालवा आणि लॉक, म्हणजे पाणी कमीजास्त करून बोट वरखाली नेणारं दार, केलंय. म्हणजे पूल वाचवायला नदीलाच दुसरी वाट काढून दिली! 1997 पासून पुलावर गाड्या बंद, 2008 ला बसही बंद केल्या, मग 2010 ते 2018 पूर्ण दुरुस्ती. आठ वर्षं. तू पुढे कधी जुन्या कामाच्या दुरुस्तीवर असलास आणि लोक घाई करायला लागले तर हे लक्षात ठेव.

पुलाची एक गोष्ट तिथली पोरंसुद्धा सांगतात. पूल बांधणारा आणि कॅथेड्रल बांधणारा यांची पैज लागली, आधी कोण संपवतो, पूलवाल्याने सैतानाची मदत घेतली, बदल्यात पुलावरून पहिले जे तीन जीव जातील ते सैतानाचे. मग याने पहिल्यांदा कोंबडा, कोंबडी आणि कुत्रा सोडला. सैतान चिडला, पुलाला खालून धडक मारली आणि तो मधे उंच झाला. खरं तर आत्ताच्या कॅथेड्रलचं काम पूल झाल्यावर शंभरेक वर्षांनी सुरू झालं आणि त्याची 105 मीटरची शिखरं तर 1869 ला पूर्ण झाली. पण गोष्ट छान आहे, आईला फार आवडली.

या शहराचं जुनेपण अंगावर येतं. कॅथेड्रलजवळच्या एका पांढऱ्या भिंतीत अचानक हे भलेमोठे काळपट दगड दिसतात, ती रोमन सैन्याच्या छावणीची वेस, पोर्टा प्रेटोरिया. इसवी सन 179, मार्कस ऑरेलियसच्या काळातली छावणी. कुणी तिला काचेत ठेवलेलं नाही, नंतरच्या इमारतीने तिला पोटात घेतलं आणि लोक शेजारून सायकलवर जातात. तिथून थोडं चाललं की केपलरचं घर. हो, ग्रहांचे नियम मांडणारा केपलरच. थकलेले पैसे मिळतील म्हणून तो 1630 ला इथे आला, तापाने आजारी पडला आणि 15 नोव्हेंबरला गेला. शहराबाहेर पुरलं आणि पुढे युद्धाच्या धामधुमीत कबरही नाहीशी झाली. एवढा मोठा माणूस आणि हक्काच्या पगारासाठी थंडीत घोड्यावरून येतो, मला फार वाईट वाटलं रे.

दोन ठिकाणी मात्र मी पुढे सरकू शकलो नाही.

एक नॉयफार चौक. इथे ज्यू लोकांची वस्ती होती. 1519 च्या जानेवारीत सम्राट मॅक्सिमिलियन वारला, ज्यूंचा पाठीराखा गेला, आणि काही आठवड्यांत नगर परिषदेने सगळ्यांना हाकलून दिलं, सिनेगॉग, म्हणजे त्यांचं प्रार्थनास्थळ, पाडलं, थडग्यांचे दगडसुद्धा लोकांनी आपापल्या घरांच्या भिंतीत बसवले. 1990 च्या दशकात खणताना त्या सिनेगॉगचा पाया सापडला. आता त्या जागेवर दानी काराव्हान या इस्रायली शिल्पकाराने जमिनीच्या आराखड्यावरच पांढऱ्या काँक्रीटचं काम केलंय, खांबांच्या जागी गोल ठोकळे, बसायला येतं. मुलं तिथे आइस्क्रीम खात बसलेली. मला आधी खटकलं, पण ताई म्हणाली बाबा, प्रार्थनेची जागा होती, माणसं बसणारच. बरोबर आहे तिचं.

दुसरी जागा दाखाऊ चौक. एप्रिल 1945, अमेरिकन सैन्य जवळ आलेलं. 23 तारखेला शहरातल्या बायका मोठ्या संख्येने जमल्या, म्हणाल्या शहर न लढता द्या, पोरंबाळं वाचवा. कॅथेड्रलचे प्रवचनकार योहान मायर लोकांशी बोलायला उभे राहिले, पुरतं बोलूही दिलं नाही, त्यांना पकडलं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे इथेच फाशी दिली. त्याच सुमारास जर्मन सैन्याने आपल्याच दगडी पुलाच्या कमानी उडवल्या. आणि मग तीन-चार दिवसांत शहर न लढताच अमेरिकनांच्या हाती गेलं. म्हणजे ते जे मागत होते तेच झालं. आज ही जुनी गल्ल्यांची वस्ती जवळजवळ पूर्ण टिकली, 2006 ला युनेस्कोच्या यादीत गेली, पण गाईडबुकातले फोटो बघताना मायर यांचं नाव कुणाच्या डोक्यात येत नाही, तू आलास की आधी तिथे जा.

आता ज्यासाठी खरं तर लिहायला बसलो ते. पुलाच्या पायथ्याशी, मिठाच्या जुन्या गोदामाशेजारी, वुर्स्टकुखल म्हणून सॉसेजचं बुटकं दुकान आहे. कोळशावर भाजतात, बाजूला आंबवलेला कोबी आणि गोडसर मोहरी. आईने नुसता पाव आणि कोबी खाल्ला आणि कोबी तिला आवडला, करून बघणार म्हणते. ते दुकान अगदी पाण्याच्या काठावर. मी धुराकडे बघत होतो आणि माझं लक्ष भिंतीवर गेलं. आडव्या रेघा. प्रत्येक रेघेशेजारी साल. जर्मन मला वाचता येत नाही पण पुराची खूण वाचायला भाषा कशाला लागते! काही गुडघ्यापाशी, काही त्याच्या बऱ्याच वर. 2013 ला इथे मोठा पूर आला होता, 2024 च्या जूनमध्ये परत नदी चढली, काठावर तात्पुरत्या भिंती उभ्या केल्या, आणीबाणी जाहीर झाली. मग पाणी उतरलं, गाळ काढला, धुतलं, निखारे पेटवले.

मी तिथे उभा होतो आणि डोळ्यांसमोर सांगलीच्या गावभागातलं आपलं घर. 2019 चा ऑगस्ट. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी 57 फुटांच्या वर पाणी आणि आपण माडीवर, खाली देवघरात पाणी, तू दर तासाला जिन्यात उतरून कुठली पायरी बुडाली ते बघून यायचास. तू म्हणतोस घर विकून पुण्याला जाऊ. मी नाही म्हणत नाही, आल्यावर बसून बोलू, तुझं म्हणणं मला कळतं, आणि तिथल्या दुकानासारखं आपलंही चालेल असंही मी म्हणत नाही, त्यांच्याकडे बंदोबस्त वेगळा. पण घर विको न विको, एक काम कर.

पेंटर गणपतीआधी येणार आहे ना, तो लांबी भरायला लागला की त्या पुढच्या खोलीतली पाण्याची रेघ जाईल. जाऊ देऊ नको. उंबऱ्यापासून टेप लाव, उंची लिहून घे, आणि रेघेवर एक छोटी शहाबादी फरशीची पट्टी बसवून त्यावर 2019 कोरून घे, खाली 2021 चीही. शेजारच्या काकांना विचार, 2005 चं पाणी कुठपर्यंत होतं ते त्यांना नक्की आठवतं, त्यांच्या दारावर पेन्सिलची खूणही होती. उद्या ते घर कुणी का घेईना, त्याला सामान कुठल्या उंचीवर ठेवायचं ते कळेल. गवंड्याला सांग पट्टी लेव्हलमध्ये पाहिजे. बसवली की फोटो पाठव, आणि पैसे माझ्या कपाटातल्या पाकिटातून घे.

आई विचारतेय गॅस सिलेंडर आला का.

तुझे
बाबा