त्या अर्जावर माझी सही नको

चि. अमेय,
अनेक आशीर्वाद.

सोसायटीच्या अर्जाचा फोटो मिळाला. बागेत वापरलेल्या सुया सापडतात, म्हणून पुलाखाली गर्दुल्ल्यांना सुया वाटणारी संस्था हटवा, अशी मागणी आहे. मी सही करणार नाही. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून हे पत्र.

सरकारी पैशाने व्यसन कशाला पोसायचं, असं तू विचारतोस. अरे, सुई मिळाली नाही म्हणून कुणी गर्द सोडत नाही. टर्की लागली, म्हणजे नशा न मिळाल्याने अंग मोडून आलं, उलट्या-जुलाब सुरू झाले की माणूस शेजाऱ्याची सुई उचलतो. त्यातून एचआयव्ही जातो, कावीळ बी आणि सी जाते. सीचा विषाणू तर वापरलेल्या सिरिंजमध्ये कित्येक आठवडे टिकू शकतो. २०१७ च्या सरकारी पाहणीत इंजेक्शनने नशा करणाऱ्यांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण ६.२६ टक्के निघालं. देशातल्या प्रौढांमध्ये ते ०.२२ होतं. आणि या माणसांना घरी बायका असतात, हे तुमच्या कमिटीत कुणाला सुचलेलं दिसत नाही.

तुला परदेशातलं लवकर पटतं, म्हणून सांगते. अ‍ॅमस्टरडॅममध्ये एका औषधवाल्याने सुया विकणं थांबवलं, तेव्हा कावीळ बी पसरेल या भीतीने १९८४ मध्ये नशा करणाऱ्यांच्याच संघटनेने पालिकेच्या आरोग्य खात्याला हाताशी धरून सुया बदलून द्यायला सुरुवात केली. आपल्याकडे तर २०१७ च्या एचआयव्ही कायद्यात कलम २२ आहे: संसर्गाचा धोका कमी करण्यासाठी स्वच्छ सुया देणं गुन्हा ठरत नाही. अर्ज पाठवण्याआधी एखाद्या वकिलाला दाखवा.

आता बागेतल्या सुया. ही तक्रार खरी आहे, मला मान्य आहे. संस्थेची माणसं वापरलेल्या सुया भोक न पडणाऱ्या डब्यात परत घेतात, पण सगळ्याच येत नाहीत. मात्र पोलिसांनी हुसकावलं की काय होतं? खिशात सिरिंज सापडली तर पंचाईत, म्हणून माणूस टोचल्या जागी ती टाकतो आणि पळतो. गटारात, झुडपात, तुमच्या कुंपणाच्या आत. अर्जाने सुया वाढतील, घटणार नाहीत.

शिवाय रोज पिशवी घेऊन फिरणारा संस्थेचा तो पोरगा सुई देताना हातावरचं गळू बघतो, तपासणीला चल म्हणतो. अशा फिरणाऱ्यांत पूर्वी स्वतः नशा केलेलेही असतात, त्यांचं ऐकलं जातं. कुणी तयार झाला तर त्याला ब्युप्रेनॉर्फिनच्या, म्हणजे गर्दऐवजी देतात त्या औषधाच्या, केंद्रावर नेतात. तिथे नर्ससमोर गोळी जिभेखाली विरघळवायची, म्हणजे टर्की लागत नाही आणि टोचायची गरज उरत नाही. सगळे टिकत नाहीत. पुण्यातलं ‘मुक्तांगण’ १९८६ पासून व्यसन सोडवतंय, पण तिथल्या दारापर्यंत पोचायला माणूस आधी जिवंत हवा.

अर्ज करायचाच तर संस्थेकडे करा: सुया गोळा करायला सकाळी शाळेच्या वेळेआधी एक फेरी मारा, बागेच्या फाटकाशी बंद पेटी ठेवा, फोन नंबर लावा. मसुदा मी करून देते. वॉचमनला सांग, सुई दिसली तर हात लावायचा नाही, टोपण बसवायचं नाही, संस्थेला फोन करायचा. आणि आरुषला चप्पल नको, बूट घालून खेळायला पाठव.

तुझी,
आई