येन म्हणजे रुपये नव्हेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तोक्यो डिस्नेलँडमध्ये नव्याने बांधल्या जाणाऱ्या 'स्पेस माउंटन' या बंदिस्त रोलर कोस्टरबद्दल आपल्या रविवार पुरवणीत बातमी आली आहे. मी आणि सौ. नातवासाठी वर्षातले तीन महिने इथे तोक्योतल्या निशी-कासाईला मुलाकडे असतो, त्यामुळे पुरवणी मोबाइलवर वाचावी लागते. बातमीत 'एका पाळण्यावर ५,६०० कोटी रुपयांची उधळपट्टी' असे छापले आहे. आकडा २०२२ मध्ये जाहीर झालेलाच आहे, चलन चुकले. ते ५,६०० कोटी येन होते, म्हणजे ढोबळमानाने तीन हजार कोटी रुपये. शिवाय त्यात नुसता पाळणा नाही, भोवतीचा सगळा चौकही नव्याने होतो आहे.

एवढ्याशा गोष्टीसाठी म्हातारा पत्र लिहीत बसला, असे वाटेल. पण नेमक्या याच पाळण्याच्या बाबतीत एककाची चूक मला खपत नाही. कारण सांगतो.

५ डिसेंबर २००३. जुन्या स्पेस माउंटनची गाडी फेरी संपवून फलाटाकडे येत होती. एका चाकाचा एक्सल, म्हणजे आस, तुटला आणि गाडी रुळावरून उतरली. नशिबाने कोणालाही लागले नाही. चौकशीत जे निघाले ते आमच्यासारख्या मशीनशॉपमध्ये हयात घालवलेल्या माणसाला झोप न येऊ देणारे होते. या एक्सलचे ड्रॉइंग १९९५ मध्ये इंचांतून मिलिमीटरमध्ये आणले होते. जुना कागद मात्र कपाटातून हलला नाही. २००२ मध्ये नव्या एक्सलची ऑर्डर गेली ती त्या जुन्या कागदावरून. हवा होता ४५ मिलिमीटर जाडीचा, बनून आला ४४.१४ चा. फरक ०.८६. एक्सल ज्यात बसतो त्या बेअरिंगमध्ये ०.२ मिलिमीटर फट असायची, तिथे एकाहून जास्त झाली. मग प्रत्येक फेरीला दणके, आणि दणके खात खात एक दिवस एक्सल गेला.

ज्याने हाताने पार्ट बसवले आहेत त्याला यातली मेख लगेच कळेल. पार्ट जाड निघाला तर बसतच नाही, ओरडून सांगतो. ढिला पार्ट गुपचूप आत जातो. चिंचवडच्या एका कारखान्यात मी ३४ वर्षे काढली. सुपरवायझर झालो त्याच वर्षी रद्द झालेल्या ड्रॉइंगवरून साठ बुश (आसावर बसणाऱ्या धातूच्या नळ्या) काढून बसलो होतो. साहेबांनी एक बुश माझ्या टेबलावर पेपरवेट म्हणून ठेवला, निवृत्त होईपर्यंत तो तिथेच होता. त्यानंतर नवे ड्रॉइंग हातात आले की आधी जुने मागवून त्यावर लाल शिक्का मारायचा, मगच काम सुरू. आपल्याकडे तर अजून दोन्ही मापे एका घरात नांदतात. प्लायवूड आठ बाय चार फुटी आणि जाडी अठरा एमएम. नळ अर्धा इंची, खड्डा दीड मीटर. सुतार अजून 'दोन सूत कमी कर' म्हणतो. नांदू द्या, पण रुळावरून पळणाऱ्या गोष्टीत नको.

आता उधळपट्टीबद्दल. बातमी विचारते, ताशी ५० किलोमीटरच्या पाळण्याला एवढा खर्च कशाला? आपली पुणे-लोणावळा लोकल याहून जोरात पळते, हे मान्य. पण लोकलमध्ये पुढे काय येणार ते दिसते. स्पेस माउंटनमध्ये अंधारात पुढचे वळण दिसत नाही, त्यामुळे अंग सावरता येत नाही, आणि पन्नासचे शंभर वाटतात. मी २०१९ मध्ये सौ.च्या नकळत बसलो होतो. उतरल्यावर गुडघे आपले नव्हते. उघड्या कोस्टरला खांब आणि रूळ पुरतात, इथे अंधार बांधावा लागतो, म्हणजे आख्खी इमारत आली.

ती इमारत उभी राहते कशावर, तर समुद्रात भराव टाकून केलेल्या जमिनीवर. ११ मार्च २०११ च्या भूकंपात डिस्नेलँड ज्यात आहे त्या उरायासू शहरात जमिनीचा अक्षरशः चिखल झाला, रस्त्यातले मॅनहोल वर आले, डिस्नेच्या पार्किंगमध्येही गाळपाणी उसळले. पार्कच्या आतली जमीन मात्र टिकली, कारण बांधतानाच वाळूचे खांब ठोकून ती घट्ट केलेली होती. तेव्हा तिथल्या एखाद्या खर्चाला उधळपट्टी म्हणण्याआधी त्यातला किती जमिनीखाली जातो, हे तरी विचारावे.

जुना पाळणा १५ एप्रिल १९८३ चा, पार्क उघडले त्याच दिवशीचा. तो पाडणार हे एप्रिल २०२२ मध्येच जाहीर झाले होते, आणि ३१ जुलै २०२४ ला तो बंद झाला. त्या जुलैत नातवाला शेवटची संधी म्हणून घेऊन गेलो. उंचीची अट १०२ सेंटिमीटर. भाड्याच्या घरात भिंतीवर पेन्सिलची खूणसुद्धा करायची सोय नाही, म्हणून सौ.ने शिवणाच्या टेपने मापले. टेपची इंचाची बाजू वर होती. भरला बरोबर चाळीस. 'चाळीस म्हणजे एकशे दोनच की,' ती म्हणाली, आणि मीही, ३४ वर्षे व्हर्नियर (बारीक मापे घ्यायचे साधन) धरलेला माणूस, मान डोलावली. चाळीस इंच म्हणजे १०१.६. दारातल्या पट्टीखाली पोरगं चार मिलिमीटरने कमी पडलं. तिथली मुलगी गुडघ्यांवर बसून, त्याच्या डोळ्यांत बघून, दोनदा 'माफ करा' म्हणाली. आत सोडलं नाही. बरोबर केलं.

आता तो शाळेत जातो. कासाई रिंकाई पार्कच्या ११७ मीटर उंच आकाशपाळण्यात बसलो की नदीपलीकडचे डिस्नेलँड दिसते, आणि 'झालं का बांधून?' हा प्रश्न येतोच. २०२७ मध्ये उघडणार आहे, असे त्याला सांगून ठेवले आहे. उंची आता भरपूर झाली, तरी सौ.चा टेप मी लपवला आहे.

कृपया शुद्धिपत्रक छापावे. आणि आपल्याकडच्या संगणकात ती बातमी जुन्या आकड्यासकट ठेवू नये. उद्या कोणीतरी तीच उचलून पुन्हा छापेल.

आपला,
एक निवृत्त मशीनशॉप सुपरवायझर
चिंचवड (सध्या मुक्काम तोक्यो)