मोॲबच्या वाटा आणि आमची वहिवाट

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत अमेरिकेतल्या राखीव निसर्गक्षेत्रांवरचा लेख वाचला. लेख मनापासून लिहिलेला आहे, फोटोही सुरेख आहेत. पण उटाहच्या वाळवंटात जीप घेऊन जाणाऱ्यांना त्यात एका वाक्यात धुडगूस घालणारे ठरवलं आहे, आणि त्यांच्या वाटा बंद झाल्या ते बरंच झालं असा सूर आहे. मी सतरा वर्षं सॉल्ट लेक सिटीत राहतो आणि त्यातली चौदा वर्षं त्याच वाटांवर जीप चालवतो आहे. ते वाक्य मला फार लागलं, म्हणून हे पत्र.

उटाह राज्यातली जवळपास दोन तृतीयांश जमीन केंद्र सरकारच्या मालकीची आहे. त्यातली बरीचशी ‘ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट’ या खात्याकडे आहे. आपल्याकडच्या गायरानाची आठवण व्हावी अशी ही जमीन: गुरं चरतात, खाणी निघतात, लोक शिकारीला आणि फिरायला जातात. आमच्यापासून चार तासांवर मोॲब हे गाव लागतं. तिथल्या बहुतेक वाटा हौसेपोटी पाडलेल्या नाहीत. 1952 साली चार्ली स्टीन या भूवैज्ञानिकाला मोॲबच्या दक्षिणेला युरेनियमचा मोठा साठा सापडला आणि जो तो गायगर काउंटर (किरणोत्सर्ग ओळखणारं यंत्र) घेऊन वाळवंटात उतरला. बुलडोझरनं कड्यांच्या कुशीत रस्ते कोरले गेले. पुढे खाणी बंद पडल्या, रस्ते राहिले. 1967 पासून दर ईस्टरला तिथं जीपवाल्यांची जत्रा भरते, ती याच रस्त्यांच्या जिवावर.

2019च्या वसंतात वडील माझ्याकडे आले होते. तेव्हा ते बहात्तर वर्षांचे, दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली, हातात काठी. नॅशनल पार्कात कठड्याशी उभं राहून त्यांनी दरी पाहिली, ‘छान आहे’ म्हणाले आणि गाडीत येऊन बसले. दुसऱ्या दिवशी मी त्यांना ग्रीन नदीकाठच्या ‘हे जो’ खाणीकडे नेलं. डांबर संपलं तिथं थांबून चारही टायरची हवा अठरा पीएसआयपर्यंत उतरवली. हवा कमी केली की टायर पसरतो, दगड धरून ठेवतो आणि माती उकरत नाही. मग कड्यातून नदीपर्यंत उतरलो. काठानं झाऊची झुडपं दोन्ही दारांना खरवडत होती, एका बाजूला उभा तांबडा कडा आणि दुसऱ्या बाजूला हाताच्या अंतरावर पाणी. वडिलांनी काच खाली केली आणि तासभर एक शब्द बोलले नाहीत. खाणीपाशी गंजून पडलेल्या यंत्रावर हात फिरवत उभे राहिले. परतताना म्हणाले, “ही तर पाणंदच की रं.”

त्यांच्या तोंडून हा शब्द उगाच आला नव्हता. कराड तालुक्यातल्या आमच्या शेताकडे जाणारी पाणंद शेजाऱ्यानं नांगरून टाकली, तेव्हा मामलेदार कोर्ट कायद्याखाली त्यांनी तहसीलदारांकडे दावा लावला होता. वहिवाट सिद्ध करायला म्हातारी माणसं साक्षीला नेली, तहसीलदारांनी जागेवर येऊन पंचनामा केला, मग रस्ता मोकळा झाला. अमेरिकेतही अशीच एक वहिवाट आहे. 1866च्या खाण कायद्यातल्या एका ओळीनं सरकारी जमिनीवरून रस्ते पाडायचा हक्क दिला. 1976 साली ती ओळ रद्द झाली, पण तोवर पडलेल्या रस्त्यांचे हक्क कायम राहिले. ते कुठले, यावर उटाह राज्य आणि तिथल्या काउंट्यांनी (म्हणजे जिल्ह्यांनी) 12 हजारांहून अधिक रस्त्यांसाठी केंद्र सरकारविरुद्ध दावे लावले आहेत. दाव्यांचा निकाल रेंगाळला आहे आणि तोवर कागदावर वाटा बंद होत चालल्या आहेत.

मोॲबच्या वायव्येला लॅबिरिंथ रिम्स आणि जेमिनी ब्रिजेस हा सुमारे तीन लाख एकरांचा पट्टा आहे. वाहनांच्या वाटा ठरवणाऱ्या ब्युरोच्या 2008च्या आराखड्याविरुद्ध पर्यावरणवादी संस्था कोर्टात गेल्या, 2017 साली तडजोड झाली आणि तिच्यानुसार वाटांची फेरतपासणी ठरली. सप्टेंबर 2023 मध्ये या पट्ट्यातल्या 1,100हून अधिक मैलांच्या वाटांपैकी 317 मैल वाहनांना बंद करण्याचा निर्णय आला. ‘हे जो’ची वाट त्यात होती.

पर्यावरणवाद्यांचं सगळंच खोटं आहे असं मी म्हणणार नाही. या वाळवंटात मातीवर एक काळा, खडबडीत, जिवंत पापुद्रा असतो. सूक्ष्म जीव, दगडफूल आणि शेवाळ मिळून तो बनतो आणि वाळू धरून ठेवतो. त्यावरून एकदा चाक गेलं की तो भरून यायला कित्येक दशकं लागतात. त्या दिवशी वडील लघवीला उतरले तेव्हा मी त्यांचा दंड धरून त्यांना चाकोरीतूनच चालवलं. वाट सोडून चाकं फिरवणारी, मजेसाठी गोल गोल चकरा मारणारी माणसं मीही पाहिली आहेत आणि त्यांचा मला संताप येतो. अशांना जबर दंड करा, त्यांच्या गाड्या जप्त करा. 2023 पासून उटाहमध्ये ऑफ-रोड वाहन चालवणाऱ्या प्रौढांनाही ऑनलाइन प्रशिक्षण सक्तीचं झालं. ते योग्यच झालं.

पण बंदीच्या पाटीनं नेमकं कोण थांबतं? नकाशा पाहून, नियम वाचून निघणारा. ज्याला वाट सोडून जायचं असतं, त्याला पाटीची पर्वा नसते. शांततेचा मुद्दाही मला समजतो, नावेतून जाणाऱ्याला इंजिनाचा आवाज नको वाटणारच. मात्र ग्रीन नदीच्या पश्चिम काठाचा मोठा भाग 2019च्या कायद्यानं आधीच वाहनांना कायमचा बंद झालेला आहे. ‘हे जो’ ज्या काठावर आहे त्या पूर्व काठावर तरी वडिलांसारख्यांना जागा ठेवायला हवी होती. ज्यांना दहा मैल चालता येतं, त्यांना ही दरी आजही मोकळी आहे. ज्यांना चालवत नाही, त्यांनी फोटो पाहायचे?

माझं म्हणणं एवढंच आहे की प्रत्येक वाटेचा निवाडा तिच्यावर उभं राहून व्हावा. जिथं रानमेंढ्यांची वीण होते तिथं त्या महिन्यांपुरती वाट बंद ठेवा. जिथं वाट ओढ्यातून जाते तिथं ती वळवा. रोज ठरावीकच गाड्यांना परवाना द्या, मी रांगेत उभा राहीन. वाटा दुरुस्त करायला, कचरा उचलायला इथले जीप क्लब स्वतःच्या खर्चानं येतात. त्यांना हुल्लडबाजांच्या ओळीत बसवू नका.

लेखक कधी उटाहला आले, तर त्यांना जेमिनी ब्रिजेसपर्यंत मी स्वतः घेऊन जाईन. शेजारी शेजारी उभ्या दगडाच्या त्या दोन कमानींकडे जाणारा रस्ता अजून उघडा आहे. एप्रिलमध्ये या, तेव्हा ऊन सोसवतं.

आपला,
एक वाचक
सॉल्ट लेक सिटी, उटाह
(मूळ गाव कराड तालुका, जि. सातारा)